जपानची शहरे लपली मराठी वाक्यांत



या वेळच्या भित्तिपत्रकात मी भूगोलाचा एक खेळ दिला आहे. खेळ सोपा आहे, पण डोके चालवावे लागते. आपण रोज बोलतो तशाच साध्या वाक्यांत मी जपान देशातली शहरे लपवून ठेवली आहेत. ती तुम्ही शोधायची. काही वाक्ये माझी आहेत, काही वर्गातल्या मुलांनी केली आहेत, आणि दोन वाक्ये माझ्या आजीच्या बोलण्यातून उचलली आहेत.

जपानच का, असे कोणी विचारील. माझे काका बोटीवर कामाला आहेत. आमच्या वाडीतले आणखीही पुष्कळजण बोटीवर आहेत. ते रजेवर आले की कोबे, नागोया, योकोहामा अशी नावे सांगतात. ऐकायला छान वाटतात, पण दुसऱ्या दिवशी आठवत नाहीत. नकाशात वाचून पाठ केली तरी विसरतात. म्हणून गुरुजी म्हणाले, "नावं पाठ करू नका, नावांशी खेळा." त्यातून हा खेळ निघाला.

खेळाचे नियम

१. शहराच्या नावातली अक्षरे वाक्यात ओळीने, एकाला लागून एक आली पाहिजेत. मध्ये दुसरे अक्षर चालणार नाही.

२. दोन शब्दांमधली मोकळी जागा, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह हे सगळे विसरायचे.

३. ऱ्हस्व-दीर्घ माफ. (शुद्धलेखनात माफ नाही हं, फक्त या खेळात.)

४. काना, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षर माफ नाही. ते बरोबरच पाहिजे.

एक उदाहरण देते. "आमच्या गावाला सुंदर किनारा आहे." यात जपानचे कोणते शहर आहे? 'किनारा' या शब्दातला 'कि' झाकून टाका. उरले नारा. हे जपानचे जुने शहर. इ. स. ७१० ते ७८४ या काळात बहुतेक वर्षे ते जपानची राजधानी होते. तिथे तोदाईजी नावाच्या देवळात गौतम बुद्धाची कांशाची सुमारे १५ मीटर उंच बसलेली मूर्ती आहे. आपल्या शाळेच्या कौलांपेक्षा कितीतरी उंच! इ. स. ७५२ मध्ये त्या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी झाला. तो आपल्या भारतातून गेलेल्या बोधिसेन नावाच्या भिक्षूने केला. नारामध्ये हरणे रस्त्यावरून मोकळी फिरतात, आपल्याकडे गुरे फिरतात तशी.

बघा, एक 'किनारा' शब्द, पण त्यात केवढी गोष्ट निघाली!

जपानी नावे मराठीत इतकी छान का लपतात?

हे मी गुरुजींना विचारले. त्यांनी फळ्यावर लिहून दाखवले. जपानी भाषेत आपल्यासारखीच अक्षरे असतात. म्हणजे 'का' हे त्यांचे एक अक्षर, 'सा' दुसरे, 'ना' तिसरे. त्यांच्या मुळाक्षरांना 'काना' म्हणतात. (आपला काना वेगळा!) त्यांचे स्वर आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. यातला क, त, न, म, य, र, व हा क्रम आपल्यासारखाच आहे ना? तो उगीच जुळलेला नाही. बौद्ध भिक्षूंबरोबर भारताची वर्णमाला फार पूर्वी चीनमार्गे जपानला गेली. तिच्या अभ्यासातून त्यांच्या अक्षरांचा हा क्रम आला.

दुसरी गोष्ट अशी की जपानी शब्दाच्या शेवटी बहुतेक वेळा स्वर असतो. टोकियो, ओसाका, कोबे. आपल्या मराठीतही का, की, ना, या, तो, मी असे छोटे छोटे शब्द खूप आहेत. ते जवळजवळ ठेवले की जपानी शहर तयार!

जपानी मुलेही शब्दांचा खेळ खेळतात. त्याचे नाव शिरितोरी. एकाने शब्द सांगायचा, त्याच्या शेवटच्या अक्षराने दुसऱ्याने सुरुवात करायची. म्हणजे आपल्या भेंड्याच, फक्त गाण्यांच्या नव्हे तर शब्दांच्या. त्यांच्याकडे 'न्' या अक्षराने शब्द सुरू होत नाही. म्हणून ज्याचा शब्द 'न्' ने संपला तो बाद. 'जपान'ला ते 'निप्पोन्' किंवा 'निहोन्' म्हणतात. म्हणजे आपल्याच देशाचे नाव घेतले की गडी बाद!

आता कोडी. पेन्सिल हातात घ्या. फलकावर खुणा करू नका, मागून येणाऱ्याचा खेळ मोडतो. आपापल्या वहीत उत्तरे लिहा.

पहिला गट: सोपी कोडी (शहर एकाच शब्दात आहे)

१. आमच्या घराचा दरवाजा सागाचा आहे.

२. मामाच्या बायकोची हाक म्हणजे मामीची हाक.

३. सहलीला जायला सगळेच उत्सुक होते.

४. भाऊजी आले, चहा ठेवा.

दुसरा गट: मधली कोडी (शहर दोन शब्दांत वाटून बसले आहे)

५. आई, मला नको बेसनाचा लाडू.

६. अरे, खा ना हा फणसाचा गरा!

७. बायांनी गाता गाता भात लावला.

८. समुद्रकिनारी ताडाची झाडं डोलतात.

९. उगी फुलं तोडू नकोस.

१०. ताईने मातीचा रेडिओ साकारला.

तिसरा गट: अवघड कोडी (शहर तीन किंवा चार शब्दांत पसरले आहे)

११. बंड्या दिवसभर खेळतो या मातीत.

१२. पाऊस येईल, लवकर चल ना गो या वाटेनं!

१३. सदरा हवा का या मापाचा?

१४. नाटकाचा व्हिडिओ का या मामांनी काढला नाही?

१५. काल मी या झाकीरच्या होडीत बसले.

१६. हे लाकूड खांब का वासा, की नुसतं जळण?

१७. बक्षीस काय हवं, फोटो की योगासनांचं पुस्तक?

१८. आजी विचारते, "जेवतेस का गो?" शी, माशी बसली ताटावर!

बाराव्या आणि अठराव्या वाक्यातले 'गो' आमच्या आजीचे. कोणी म्हणेल, हा शब्द पुस्तकात नसतो. नसू दे. आपल्या कोकणात आहे म्हणूनच ही दोन शहरे लपली. 'गं' म्हणणाऱ्या गावात हे कोडे घालता आले नसते.

अशी कोडी कशी करायची?

आधी शहराचे नाव अक्षरे सुटी करून लिहायचे. मग सगळ्यात हट्टी अक्षर कोणते ते बघायचे. ओसाका आणि ओकायामा यांत हट्टी अक्षर 'ओ'. 'ओ' ने संपणारे मराठी शब्द शोधायला आम्हाला दोन दिवस लागले. शेवटी रेडिओ आणि व्हिडिओ सापडले. टोकियोमध्ये 'टो' हट्टी. तिथे 'फोटो' उपयोगी पडला. 'मा' मात्र गुणी अक्षर. माती, माप, मामा, माशी, हवे तेवढे शब्द मिळतात.

वाक्य करताना ते खरे बोलल्यासारखे वाटले पाहिजे. नुसते शब्द जोडले तर चोर लगेच पकडला जातो. आमच्या वर्गात एकाने 'नारा' लपवायला "दाणा ना राजा ना राणी" असे केले होते. त्यात नारा आहे, पण असे कोण बोलते? चांगल्या कोड्यात वाचणारा वाक्य वाचून पुढे जातो आणि मग परत मागे येतो.

नावे सुटी करताना आणखी एक गंमत कळली. आपल्या गावांच्या नावांत वाडी, पूर, खुर्द, बुद्रुक असते ना, तसे त्यांच्या नावांतही असते. 'यामा' म्हणजे डोंगर. 'शिमा' म्हणजे बेट. 'कावा' म्हणजे नदी. 'साकी' किंवा 'झाकी' म्हणजे समुद्रात घुसलेले जमिनीचे टोक, भूगोलात त्याला भूशिर म्हणतात. आता नकाशा काढून बघा. कुठे शिमा दिसले की समजा, बेटाचे नाव. आपल्याला जपानी येत नाही, तरी अर्धे नाव कळते.

उत्तरे आणि थोडी माहिती

(उत्तरांवर वहीचे पान चिकटवले आहे. ते खालून वर उचला. आधी कोडी सोडवा, मगच उचला. पालकांनाही हाच नियम.)

१. सागा. हे शहर क्युशू बेटावर आहे. याच सागा प्रांतात आरिता नावाचे गाव आहे. तिथली चिनी मातीची भांडी चारशे वर्षांपासून प्रसिद्ध आहेत.

२. कोची (बायकोची). एक कोची केरळात आहे आणि एक जपानच्या शिकोकू बेटावर. दोन्ही समुद्राजवळ. पत्र पाठवताना देश लिहायला विसरू नका.

३. त्सु (उत्सुक). जपानी अक्षरांत हे नाव लिहायला एकच अक्षर पुरते. त्या शब्दाचा अर्थ बंदर. आमच्या वर्गात हे कोडे सर्वांत जास्त मुलांचे चुकले, कारण सगळे मोठे नाव शोधत होते.

४. उजी (भाऊजी). क्योटोच्या दक्षिणेला आहे. उजीचा हिरवा चहा फार नावाजलेला. म्हणून वाक्यातही चहा ठेवला. तिथल्या ब्योदोइन देवळाचे चित्र जपानच्या १० येनच्या नाण्यावर आहे.

५. कोबे (नको बेसनाचा). मोठे बंदर. १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे इथे मोठा भूकंप झाला. ६,४०० हून जास्त माणसे गेली. शहर पुन्हा उभे राहिले.

६. नाहा (ना हा). ओकिनावा बेटांवरचे मुख्य शहर. दुसऱ्या महायुद्धानंतर ही बेटे अमेरिकेच्या ताब्यात होती. १९७२ साली ती जपानला परत मिळाली.

७. नीगाता (बायांनी गाता). हे माझे आवडते कोडे. नीगाता हा भाताचा मुलूख आहे. तिथे हिवाळ्यात खूप बर्फ पडते, ते वितळून खाचरांना पाणी मिळते. 'कोशिहिकारी' नावाचा तिथला तांदूळ जपानभर प्रसिद्ध आहे. भात लावणीच्या वाक्यात भाताचेच शहर बसले, हे आपोआप जुळले.

८. नारिता (किनारी ताडाची). टोकियोला जाणारी पुष्कळ विमाने इथे उतरतात. हा विमानतळ १९७८ साली सुरू झाला. टोकियो तिथून सुमारे ६० किलोमीटर दूर आहे.

९. गिफू (उगी फुलं). इथल्या नागारा नदीवर रात्री होडीच्या पुढे जाळ पेटवून पाणकावळ्यांकडून मासे पकडतात. पाणकावळ्याच्या गळ्याला दोरी बांधतात, म्हणजे मोठा मासा त्याला गिळता येत नाही. तो मासा माणूस काढून घेतो. छोटे मासे पाणकावळ्याला.

१०. ओसाका (रेडिओ साकारला). व्यापाराचे शहर. नावाचा अर्थ मोठा चढ. तिथे १९७० आणि २०२५ साली जगाचे मोठे प्रदर्शन भरले होते.

११. तोयामा (खेळतो या मातीत). इथले औषधविक्रेते पूर्वी गावोगाव फिरत. घरात औषधांची पेटी ठेवून जात आणि पैसे मागत नसत. पुढच्या फेरीला जेवढे औषध संपले तेवढ्याचेच पैसे घेत. माणसांवर विश्वास ठेवून चाललेला हा धंदा तीनशे वर्षे टिकला.

१२. नागोया (ना गो या). इथल्या किल्ल्याच्या छपरावर वाघाच्या तोंडाचे दोन सोनेरी मासे आहेत. ते घराला आगीपासून वाचवतात अशी समजूत. पण १९४५ साली युद्धात किल्लाच जळाला. १९५९ साली तो परत बांधला.

१३. वाकायामा (हवा का या मापाचा). या प्रांतात संत्र्यांच्या बागा आहेत. तिकडच्या संत्र्याला 'मिकान' म्हणतात.

१४. ओकायामा (व्हिडिओ का या मामांनी). हे शहर पुण्याला माहीत आहे! पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे. ते ओकायामाच्या कोराकुएन या ३०० वर्षांच्या जुन्या बागेसारखे केले आहे. म्हणून त्याला पुणे-ओकायामा मैत्री उद्यान असेही म्हणतात. पुण्याला गेलात तर बघून या.

१५. मियाझाकी (मी या झाकीरच्या). बागायतदार पालकांनी हे नीट वाचावे. मियाझाकीला आंबे होतात! काचेच्या किंवा प्लास्टिकच्या घरात झाडे वाढवतात. प्रत्येक फळाला जाळी बांधतात. आंबा झाडावर पूर्ण पिकतो आणि आपोआप जाळीत पडतो, तेव्हाच काढतात. त्यातल्या उत्तम आंब्याला 'सूर्याचे अंडे' असे नाव आहे. ३५० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचा आंबा त्या नावाने विकत नाहीत. रंग लालभडक आणि भाव तर विचारू नका. माझे बाबा म्हणाले, "असूं दे. आपल्या हापूसचा वास त्याला कुठला?" पण नंतर त्यांनी जाळीचे परत विचारले.

१६. कावासाकी (का वासा, की). टोकियो आणि योकोहामा यांच्या मध्ये आहे. या नावाची मोटारसायकल पुष्कळांनी पाहिली असेल. पण मोटारसायकलला नाव शहरावरून मिळाले नाही. ज्यांनी ती कंपनी काढली त्यांचे आडनाव कावासाकी होते.

१७. टोकियो (फोटो की योगासनांचं). आजची राजधानी. आधीचे नाव एदो. १८६८ साली नाव बदलले. अर्थ 'पूर्वेकडची राजधानी'. त्याआधी हजारांहून जास्त वर्षे राजा क्योटो शहरात राहात असे. आता गंमत बघा. टोकियोला टोक्यो असेही लिहितात. टो-क्यो उलट करा, क्यो-टो! 'क्यो' म्हणजे राजधानी, ते अक्षर दोन्ही नावांत एकच आहे. 'टो' मात्र ऐकायला सारखे, पण त्यांच्या चित्रलिपीत वेगळे. एकाचा अर्थ पूर्व, दुसऱ्याचा मोठे शहर. १ सप्टेंबर १९२३ रोजी टोकियो आणि योकोहामाला भूकंप व आगीने उद्ध्वस्त केले. एक लाखाहून जास्त माणसे मेली. त्याची आठवण म्हणून जपानच्या शाळांत १ सप्टेंबरच्या सुमारास भूकंपाची कवायत असते. मुले डोके सांभाळून बाकाखाली बसतात. आपल्याकडेही ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला होता. आपणही ही कवायत करावी असे मला वाटते.

१८. कागोशिमा (का गो? शी, माशी). या शहरासमोर समुद्रात साकुराजिमा नावाचा जिवंत ज्वालामुखी आहे. अधूनमधून तो राख उडवतो. मग लोक छत्री घेऊन बाहेर पडतात आणि अंगणातली राख पिशव्यांत भरून ठेवतात. नगरपालिका त्या पिशव्या उचलते. पूर्वी साकुराजिमा बेट होते. १९१४ साली इतका लाव्हा आला की ते जमिनीला जोडले गेले.

अठरापैकी बारा आली तर शाबास. पंधरा आली तर फारच शाबास. अठराही आली तर पुढच्या अंकाची कोडी तुम्हीच करा.

शेवटची दोन नावे

आणखी दोन शहरे आम्ही लपवली होती. त्यांच्यावरून वर्गात वाद झाला, तो इथे लिहिते.

पहिले वाक्य: "सिनेमातल्या हिरोशी माझी ओळख नाही." दुसरे वाक्य: "अंधारात दोर दिसला नागासा, की मी पळालेच."

यांची उत्तरे आम्ही पानाखाली झाकली नाहीत. पहिल्यात हिरोशिमा आहे आणि दुसऱ्यात नागासाकी.

वाक्ये फळ्यावर लिहिली तेव्हा सगळे हसले. वाक्ये आहेतच तशी. पण माझी मैत्रीण हसली नाही. ती म्हणाली, "ही दोन काढून टाका. तिथे इतकी माणसं मेली आणि आपण हिरो न् साप लिहितो. तिथल्या मुलांनी हे वाचलं तर?" शेजारच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "काढू नका. पाठ केलेलं परीक्षेनंतर विसरतं. स्वतः शोधलेलं विसरत नाही. हीच दोन नावं विसरायला नकोत." दोघांचेही बोलणे मला पटत होते. आम्ही गुरुजींकडे पाहिले. गुरुजी म्हणाले, "मी सांगणार नाही. आधी त्या शहरांची माहिती वाचा. मग तुम्हीच ठरवा."

मग आम्ही माहिती वाचली. ती अशी.

६ ऑगस्ट १९४५. सोमवार होता. सकाळी सव्वाआठ वाजता अमेरिकेच्या विमानाने हिरोशिमावर अणुबाँब टाकला. माणसांवर टाकलेला तो जगातला पहिला अणुबाँब. त्या वेळी हजारो शाळकरी मुले शहरात उघड्यावर काम करत होती. आग पसरू नये म्हणून घरे पाडून मोकळी जागा करायचे काम त्यांना दिले होते. तीन दिवसांनी, ९ ऑगस्टला, नागासाकीवर दुसरा बाँब पडला. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार आणि नागासाकीत ७० हजारांहून जास्त माणसे मेली. पुष्कळजण त्या दिवशी वाचले, पण नंतर आजारी पडून गेले.

हिरोशिमात सादाको सासाकी नावाची मुलगी होती. बाँब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती. तिला काही लागले नाही. ती मोठी झाली, शाळेत जाऊ लागली, धावण्यात पटाईत होती. मग तिला रक्ताचा कर्करोग झाला. जपानमध्ये अशी समजूत आहे की कागदाचे एक हजार करकोचे केले तर मनातली इच्छा पुरी होते. सादाको दवाखान्यात पडल्या पडल्या औषधांच्या पुड्यांच्या कागदाचेही करकोचे करायची. २५ ऑक्टोबर १९५५ ला ती गेली. तेव्हा ती बारा वर्षांची होती. म्हणजे आपल्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठी. तिच्या वर्गातल्या मुलांनी स्मारकासाठी पैसे गोळा करायला सुरुवात केली. जपानभरच्या मुलांनी मदत केली. १९५८ साली हिरोशिमात मुलांचे शांतिस्मारक उभे राहिले. जगभरची मुले अजून तिथे कागदाचे करकोचे पाठवतात.

हे वाचून झाल्यावर वर्गात कोणी बोलले नाही. मग हात वर करून मते घेतली. वाक्ये ठेवायची असे ठरले, पण काही अटींवर. ही दोन कोडी बाकीच्या कोड्यांत मिसळायची नाहीत. त्यांना गुण नाहीत. आणि ज्याला नाव सापडेल त्याने "सापडलं!" म्हणून ओरडायचे नाही, खालची माहिती शेवटपर्यंत वाचायची. मी 'ठेवा' म्हणून हात वर केला. कारण 'हिरोशी माझी' हे दोन शब्द आता कुठेही ऐकले तरी मला सादाको आठवते. माझ्या मैत्रिणीने मात्र शेवटपर्यंत हात वर केला नाही. पण या कागदाच्या कोपऱ्यात जो पांढरा करकोचा चिकटवला आहे तो तिनेच केला आहे. त्याला हात लावू नका, पंख फाटेल.

ज्या पालकांना वाटेल की आम्ही ती वाक्ये ठेवायला नको होती, त्यांनी आम्हाला तसे सांगावे. आम्ही ऐकून घेऊ.

आता तुमची पाळी

योकोहामा हे मोठे बंदर आहे. मुंबई आणि योकोहामा १९६५ पासून भगिनी शहरे आहेत, म्हणजे बहिणी-बहिणी. म्हणून ते लपवायची आमची फार इच्छा होती. यो-को-हा-मा. 'को हा मा' पर्यंत जमते: "मला नको हा माठ." पण 'को'च्या आधी 'यो' हवा आणि तिथे 'न' येऊन बसतो. आम्ही सगळ्यांनी डोके खाजवले, काकांनाही फोनवर विचारले. ते म्हणाले, "मी योकोहामाला चार वेळा गेलो, पण मराठीत नाही सापडलं."

तसेच क्योटो. 'क्यो' हे अक्षर मराठी शब्दात येतच नाही म्हटले तरी चालेल. सापोरो आणि हिमेजी हीसुद्धा बाकी आहेत.

ज्याला जमेल त्याने वाक्य कागदावर लिहून चौथीच्या वर्गात खिडकीजवळच्या खोक्यात टाकावे. मोठ्या माणसांनीही टाकावे. ऱ्हस्व-दीर्घ माफ, पण वाक्य खरे बोलल्यासारखे हवे. चांगली वाक्ये पुढच्या अंकात सुंदर अक्षरात लिहू.

आणि घरी गेल्यावर एक करा. नकाशात ही सगळी शहरे एकदा शोधा. वाक्यात सापडले, आता नकाशात सापडू दे.

आपली,
इयत्ता ४ थीची एक विद्यार्थिनी